लिबर्टेरियन म्हणजे उदारमतवादी का?

(नाशिककडच्या मंडळींची चर्चा; बोलणाऱ्यांच्या नावाऐवजी त्यांचं ठिकाण दिलंय.)

कॉलेज रोड: वक्तृत्व स्पर्धेसाठी गोदावरीच्या प्रदूषणावर भाषण लिहितेय. ‘उदारमतवाद्यांना पर्यावरणाचे कायदे नको असतात’ असं वाक्य आहे. ‘लिबर्टेरियन’साठी, म्हणजे सरकारने माणसाच्या व्यवहारात कमीत कमी हात घालावा असं मानणाऱ्यांसाठी, ‘उदारमतवादी’ हा शब्द चालेल का?

पंचवटी: नको गं. उदारमतवादी म्हटलं की रानडे-गोखले आठवतात. गोखल्यांनी तर १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. ‘सक्ती’ ऐकून लिबर्टेरियन माणूस उठून जाईल. ‘स्वातंत्र्यवादी’ लिही. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या सभा ऐकलेली मंडळी ‘खुल्या व्यवस्थेवाले’ म्हणतील, पण त्यात बाजारच जास्त ऐकू येतो.

आणि वाक्यही दुरुस्त कर. त्यांना सरकारी परवाने नि मंडळं नकोत. प्रदूषण चालतं असं नाही. त्यांच्यातल्याच मरे रॉथबर्ड या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९८२ साली मांडलं की दुसऱ्याच्या मालमत्तेवर धूर-काजळी सोडणं हे अतिक्रमणच. ज्याचं नुकसान झालं त्याने कोर्टातून मनाई आणावी. मेख पुढे आहे. कारखाना आधीचा आणि घर नंतरचं असेल, तर तेवढा धूर सोडायचा हक्क कारखान्याचा. शिवाय नुकसान याच धुराने झालं हे फिर्यादीने निर्विवाद सिद्ध करायचं. आपल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांना हे लावलं तर आधी कोण आलं यावरच खटला पिढीभर चालेल!

शरणपूर रोड: ‘अतिक्रमण’ म्हटलं की श्रोत्यांना टपऱ्या नि जेसीबी दिसतील. कायद्यातला ‘उपद्रव’ (न्यूसन्स) घ्या. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातच आहे: आपल्या जमिनीतून वाहणारं पाणी इतरांनी आधीच अवाजवी घाण करू नये, हा जमीनमालकाचा हक्क. स्वातंत्र्यवाद्यांना हे नेमकं पटेल. पण नदीत असंख्य घरांचं सांडपाणी येतं तेव्हा दावा कोणावर लावणार? १९७४ चा जल प्रदूषण कायदा लागतो तो इथं.

सटाणा: मालक नाहीतर सरकार, एवढंच धरून बसलात सगळे. ‘सामाईक’ राहिलं की! मोसम-आरम नद्यांवरची फड पद्धत बघा, फड म्हणजे एकत्र पाणी घेणाऱ्या शेतांचा गट: बंधारा सगळ्यांचा, एका फडात एकच पीक, पाणी पाटकरी देणार. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच सामाईक व्यवस्थांच्या अभ्यासासाठी. फक्त ‘सार्वजनिक’ म्हणू नका. सार्वजनिक म्हणजे कुणाचंच नाही असं धरतात लोक. सामाईक विहिरीला पाळी असते, आणि पाळी चुकली की भांडणही.

कॉलेज रोड: पण काका, पीकसुद्धा फडच ठरवणार, तर स्वातंत्र्यवाद्यांना हे चालेल?

सटाणा: स्वखुशीचा करार असेल तर चालेल म्हणतील. वारशाने फडात आलेल्या पोराचं काय, ते पंचवटीकरांना विचार.