हिवाळ्यात थीम पार्क, तेही डार्क राइड्ससाठी... जावं का?

गोंधळलेली_मी

नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. जानेवारीत आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, सहा वर्षांची लेक आणि सासूबाई, एका मोठ्या थीम पार्कला जाणार आहोत. तिकडे त्या दिवसांत मरणाची थंडी, शून्याच्या आसपास. तिकिटं काढून झाली आणि मग नवऱ्याने पार्कची वेबसाइट उघडून बघितली (हे आधी करायचं असतं, पण असो), तर पाण्याच्या राइड्स बंद, आणि दोन मोठ्या रोलर कोस्टरपुढे "हवामानावर अवलंबून" असं लिहिलेलं. तेव्हापासून घरात एकच पालुपद चालू आहे, "मी म्हणत होतो उन्हाळ्यात जाऊ".

आता उरल्या त्या डार्क राइड्स. मला हा प्रकार नीट माहीतही नाही, जत्रेतला भुताचा बोगदा असतो तसंच ना ते? कारण तसं असेल तर पंचाईत आहे, लेक रात्री बाथरूमला जातानाही मला उठवते, आणि सासूबाईंचे दोन्ही गुडघे बोंबलतायत. एवढं लांब जाऊन अंधारात बसायचं आणि पोरीला रडवून परत यायचं, याला काही अर्थ आहे का? ज्यांनी केलंय त्यांनी खरं खरं सांगा.

ग्रीसवाला

काही वर्षं राइड मेंटेनन्समध्ये काढली आहेत म्हणून लिहितो. आधी तुमच्या मिस्टरांची तक्रार. साखळीने वर ओढून सोडतात त्या कोस्टरच्या गाडीला पुढे इंजिन नसतं, वरून मिळालेल्या जोरावरच तिला सगळा फेरा पुरा करायचा असतो. थंडीत बेअरिंगमधलं ग्रीस घट्ट होतं, चाकांवर पॉलियुरेथेनचा (रबरासारख्या प्लास्टिकचा) थर असतो तो गारठला की चाक फिरायला जास्त जोर खातं, त्यात समोरून वारा. मग गाडी पुढच्या चढावर पोचायच्या आधीच दमते आणि दोन चढांच्या मधल्या खोलगट भागात अडकून बसते. तिथून तिला काढणं म्हणजे दिवसभराचं काम आणि सगळ्यांच्या शिव्या, म्हणून थंडीच्या दिवसांत सकाळी आम्ही रिकाम्या गाड्या फिरवत बसायचो, चाकं जरा गरम झाली की वेग वाढलेला घड्याळावर दिसायचा. तेव्हा कोस्टर करायचीच असेल तर सकाळी आठला उड्या मारत जाऊ नका, दुपारी बघा.

डार्क राइडला यातलं काही लागू नाही. ती छपराखाली असते आणि गाडी मोटरवर नाहीतर पाण्याच्या प्रवाहावर शांतपणे पुढे सरकते. आणि भूत हा त्यातला फक्त एक प्रकार झाला. डार्क राइड म्हणजे काय तर बाहेरचा उजेड बंद करून, गाडीत बसवून, एकामागून एक देखावे दाखवणे, बस. देखावा भुताचा असेल, चाच्यांचा असेल, परीच्या जंगलाचा असेल. नेदरलँड्सच्या एफ्टेलिंगमध्ये ड्रूमफ्लुख्त म्हणून १९९३ पासून एक राइड आहे, त्यात पाळण्यासारख्या टांगत्या गाडीतून पऱ्यांच्या राज्यावरून तरंगत जायचं, त्यात घाबरायचं म्हटलं तरी घाबरता येणार नाही.

एक मजेची गोष्ट सांगतो. १९२८ च्या सुमारास अमेरिकेत लिऑन कॅसिडी नावाच्या माणसाने एका रुळावर विजेची छोटी गाडी अंधारात फिरवायची युक्ती काढली. जागा कमी, म्हणून रूळ इतका वळवला, इतका वळवला की लोक म्हणाले ही तर प्रेट्झेलसारखी (गाठ मारल्यागत वळवलेलं खारं बिस्किट असतं ते) वाकडी आहे, आणि पुढे कंपनीचं नावही तेच पडलं. आजही मूळ गंमत त्या वळणात आहे, पुढचा देखावा आधी दिसू द्यायचा नाही. छोट्या खोलीत दहा वेळा वळवलं की माणसाला वाटतं आपण मैलभर आलो.

सगळं_पाहिलंय

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. हल्ली अर्ध्या डार्क राइड्स म्हणजे गाडी नेऊन मोठ्या स्क्रीनसमोर उभी करायची आणि हलवायची. थ्रीडी चष्मा लावून गदागदा हलवून घेण्यासाठी एवढा प्रवास करायचा? मला तर मळमळतं. सासूबाईंना तर अजिबात नेऊ नका असल्या राइडमध्ये. जाण्याआधी प्रत्येक राइडची माहिती वाचा, स्क्रीनवाली आहे की खऱ्या बाहुल्या आणि सेटवाली. सेटवाल्या तेवढ्या करा, बाकी हॉटेलात झोपा.

निशाचर_७

@सगळं_पाहिलंय स्क्रीनबद्दल निम्मं पटलं, झोपेबद्दल नाही :)

गोंधळलेली_मी, मी डार्क राइडसाठीच हिवाळ्यात जातो, म्हणजे बाकी सगळं बंद असलं तरी मला चालतं. शाळेच्या सुट्ट्या संपल्या की जानेवारीत रांगा कमी असतात (नाताळ ते नवं वर्ष मात्र उलटं, तेव्हा मुंगीला शिरायला जागा नसते), त्यामुळे एकच राइड लागोपाठ दोनदा तीनदा करता येते, आणि डार्क राइड पहिल्यांदा कळतच नाही. पहिल्या फेरीत तुम्ही फक्त समोरचं बघता. दुसऱ्या फेरीत वर बघा, मागे वळून बघा, कोपऱ्यात कोणीतरी एक उंदीर नाहीतर मांजर करून ठेवलेलं असतं जे कुणालाच दिसत नाही.

पण हिवाळ्याच्या दोन अडचणी आहेत ज्या कुणी सांगत नाही. पहिली चष्मा. बाहेर काच गारठलेली, आत उबदार दमट हवा, दार ओलांडलं की काचेवर वाफ, आणि नेमकं तेव्हाच तुम्हाला गाडीत बसवतात. माझी एकदा अर्धी राइड अशीच धुक्यात गेली, भुतं होती म्हणे. आतल्या रांगेत दोनतीन मिनिटं थांबून काच गरम होऊ द्या, मागच्या लोकांना पुढे जाऊ द्या, काही बिघडत नाही. दुसरी डोळ्यांची. बाहेर बर्फ पडलं असेल तर नजर अक्षरशः दिपलेली असते. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि राइड असते पाचसात मिनिटांची, म्हणजे तुम्हाला नीट दिसायला लागेपर्यंत तुम्ही बाहेर. चांगल्या पार्कात रांगच मुद्दाम हळूहळू काळोखी करत नेतात ती यासाठीच. तिथे मोबाइल काढून चेहऱ्यावर उजेड पाडून घेऊ नका, स्वतःचं नुकसान आणि शेजाऱ्याचंही.

अजून एक, पांढरे कपडे. बऱ्याच राइड्समध्ये अतिनील दिवे लावून रंग चमकवतात, आणि आपल्या कपड्यांच्या पावडरीत जे पांढरेपणा वाढवणारं रसायन असतं तेही त्या दिव्यात निळसर चमकतं. पांढरा मफलर घातलेला माणूस पुढच्या गाडीत बसला की भुतापेक्षा तोच जास्त दिसतो.

दोन_पोरांची_आई

अगं माझी मोठी अशीच होती, घाबरट. आम्ही काय केलं तर जायच्या आधी घरी, दिवसाढवळ्या, त्या राइडचा व्हिडिओ तिला दाखवला. लोक म्हणतात मजा जाते, जाऊ दे, आपल्याला पोरगी रडायला नकोय ना. शिवाय सुरुवात उजेडाच्या राइडने कर. डिस्नेची ती बाहुल्यांची होडीवाली आहे ना, इट्स अ स्मॉल वर्ल्ड, मूळ १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यासाठी केलेली, त्या धर्तीचं काहीतरी बहुतेक पार्कात असतं. ते गाणं मात्र चार दिवस डोक्यातून जात नाही, त्याची जबाबदारी माझी नाही. आणि मूल नाही म्हणालं तर ओढत न्यायचं नाही. बऱ्याच पार्कात अशी सोय असते की एकाने मुलाला घेऊन बाहेर थांबायचं आणि मग दुसऱ्याने परत रांग न लावता जायचं, दारावरच्या माणसाला विचार.

जाडजूड कोट घालून मांडीवरचा बार ओढू नकोस, आधी चेन उघड आणि कोट बाजूला कर, नाहीतर बार कोटावर बसतो आणि पोरगी आत गोल गोल फिरते. हातमोजे खिशात, चेनवाल्या खिशात! आमचा एक मोजा अजून कुठल्या तरी चाच्याच्या गुहेत पाण्यात असेल.

गोंधळलेली_मी

बाप रे, एवढं सगळं! खूप आभार. @ग्रीसवाला दादा, सासूबाईंच्या चढण्याउतरण्याचं काय? नवरा म्हणतो काही राइड्स थांबतच नाहीत, चालत्या पट्ट्यावरून बसायचं असतं. आणि मध्येच बंद पडली तर?

ग्रीसवाला

बरोबर म्हणतात. गाड्यांची न तुटणारी माळ सतत फिरत असते, डिस्नेच्या हाँटेड मॅन्शनमध्ये, म्हणजे भुताच्या बंगल्याच्या राइडमध्ये, १९६९ पासून तेच आहे. त्यामुळे तासाला दोन हजारांहून जास्त माणसं बसून जातात आणि लांबलचक रांगही भराभर सरकते, म्हणून असल्या राइडची रांग बघून परत फिरू नका. गाडीच्या वेगानेच शेजारी पट्टा सरकत असतो, त्यावर पाऊल टाकायचं आणि बसायचं. आजींचे गुडघे दुखतात हे बसायच्या आधी, चढायच्या जागेवर सांगा, ते पट्टा हळू करतात किंवा थांबवतात. लाजून गप्प बसलात तर मग तारांबळ. होडीत मात्र खाली उतरून बसावं लागतं, ते गुडघ्यांना जास्त जड.

बंद पडली तर काही नाही, बसून राहायचं. बहुतेक वेळा कुणाला तरी चढायला वेळ लागला म्हणूनच थांबते. जास्त वेळ लागला तर कामाचे पांढरे दिवे लावतात आणि माणूस येऊन उतरवून नेतो. आपणहून उतरायचं नाही, खाली अंधारात यंत्रं हलत असतात.

निशाचर_७

हाँटेड मॅन्शनचा विषय निघालाच आहे तर... राइडच्या आधी लोकांना एका खोलीत उभं करतात आणि ती उंच उंच होत गेल्यासारखी वाटते, तर कॅलिफोर्नियातल्या त्या खोलीत छत वर जात नाही, अख्खी खोलीच लिफ्ट आहे, तुम्ही खाली जात असता, कारण राइडची खरी इमारत पार्कभोवतीच्या रेल्वेच्या पलीकडे आहे आणि लोकांना खालून तिकडे न्यायचं असतं. फ्लोरिडात तशी गरज नव्हती तर तिथे खरोखर छत वर जातं. आणि नाचघरातली आरपार दिसणारी भुतं म्हणजे मोठी तिरपी काच आणि दिव्यांचा खेळ, ही युक्ती पेपर नावाच्या गृहस्थांनी १८६२ च्या नाताळात लंडनच्या रंगमंचावर दाखवली होती. इतक्या वर्षांनी कंप्युटर वगैरे सगळं आलं तरी त्या काचेला तोड नाही.

सगळं_पाहिलंय

झालं, आता त्या बिचाऱ्या लेकीला सगळं आधीच सांगून टाका.

गोंधळलेली_मी

परत आलो! रिपोर्ट द्यायचा राहिला होता.

दोनपैकी एक कोस्टर दुपारी दोनला सुरू झाली, नवरा एकटाच गेला, नाकाचं टोक लाल करून परत आला आणि त्यानंतर संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलला नाही. आम्ही तिघी आतच. पहिली बाहुल्यांची होडी केली, सासूबाईंना उतरायला दोघांनी हात दिला, त्या म्हणाल्या "मी काय इतकी म्हातारी झाले का", पण हात सोडला नाही. लेक खूश. मग तिला विचारलं भुताच्या घरात जायचं का, तर चक्क हो म्हणाली. मी मनात म्हटलं आता होणार रडारड.

तिसऱ्या वळणावर हातभर लांब नखांची म्हातारी बाहेर आली आणि लेकीने माझ्या कोटात तोंड खुपसलं ते काढेचना. आणि तेवढ्यात, ग्रीसवाला दादांच्या तोंडात साखर पडो, गाडी थांबली. पाच मिनिटं काळोखात त्या म्हातारीसमोर, तिचा हात आपला वरखाली, वरखाली. मग एकदम सगळे पांढरे दिवे लागले. काय सांगू, भिंती म्हणजे काळ्या रंगाने मारलेली प्लायवूडची पाठ, वर पत्र्याचं छप्पर आणि पाइप, भुताच्या घागऱ्याखालून एक लोखंडी दांडा आणि वायर, त्यावर बोटभर धूळ. लेकीने हळूच एक डोळा उघडला. मग दुसरा. मग मोठ्याने म्हणाली, "आई, हिला पायच नाहीत!" पुढच्या गाडीतले लोक पण हसायला लागले, भाषा कळली नसेल पण बोट दाखवलेलं कळलं. सासूबाई म्हणाल्या भुतांना पाय उलटे असतात असं ऐकलं होतं, ही नवीनच जात दिसते.

थोड्या वेळाने एक मुलगा येऊन आम्हाला मागच्या दाराने बाहेर घेऊन गेला आणि परत एकदा रांगेशिवाय यायचा पास दिला. मला वाटलं आता गंमत संपली, कशाला परत जायचं. लेक म्हणाली लगेच जायचं. गेलो. या वेळी अंधारात ती म्हातारी आली तेव्हा लेक गाडीतून वाकून तिच्या घागऱ्याखाली बघायचा प्रयत्न करत होती, आणि मी, जिने तो दांडा दोन हातांवरून बघितला होता, मी किंचाळले.

चष्म्यावर वाफ आलीच, @निशाचर. आणि सासूबाईंचा पांढरा मफलर असा काही चमकला की मागच्या गाडीतल्या पोरांनी त्यांनाच हात केला.

दोन_पोरांची_आई

हाहाहा, आणि मोजे? मोजे किती परत आले?

गोंधळलेली_मी

तीन.