मदत हवी आहे: डाव्या हाताची फुल स्लीव्ह, जुने तीन टॅटू सांभाळून डिझाइन कसं ठरवावं? (नाशिक)

दिंडोरीकर_बागवान
नमस्कार मंडळी. डावा हात खांद्यापासून मनगटापर्यंत पूर्ण करायचा आहे. सध्या हातावर तीन टॅटू आहेत. मनगटाच्या आतल्या बाजूला 'आई' (अक्षरं दीड सेंमी उंच), कोपराच्या खाली त्रिशूळ आणि दंडावर हिरवट पडलेला ४ सेंमी रुंदीचा ट्रायबल पट्टा. 'आई' आणि त्रिशूळ ठेवायचे, पट्टा झाकायचा. विषय द्राक्षवेल. काम बागेतलं, म्हणजे ऊन आणि फवारणी दोन्ही. वर्ण सावळा. कॉलेज रोडला एका टॅटू कारागिराने रंगीत सुचवलं, दुसरा म्हणतो फक्त काळं. कुणाचं ऐकावं? कोणत्या महिन्यात बसावं? स्टुडिओत काय पाहून घ्यावं?

रेघ_आणि_छाया
काळं म्हणणाऱ्याचं ऐका. शाई बसते कातडीच्या दुसऱ्या थरात, साधारण १ ते २ मिमी खोल. तिच्यावर तुमचा सावळा थर कायमचा असतो, त्यामुळे पांढरा, पिवळा, फिका निळा हे रंग त्यातून मळकट दिसतात. त्यात रोजचं ऊन. चमक दाखवायला पांढरी शाई भरू देऊ नका, तेवढी जागा कोरी सोडायला सांगा. कोरी कातडी हाच तुमचा सगळ्यात उजळ रंग.

द्राक्षवेल हाताला छान बसते, कारण खोड दंडाच्या बाहेरून निघून कोपराला वळसा घालून आत येतं आणि हात कुठूनही पाहिला तरी चित्र तुटत नाही. घोळ होतो तो मण्यांत. रेघ वर्षांगणिक थोडी पसरतेच. ४-५ मिमीचे मणी दाटीने काढले तर काही वर्षांत घडाच्या जागी काळा ठिपका उरतो. मणी ८ मिमीच्या खाली नको, एका घडात पंधरा-वीस पुरे, मागचे नुसते छायेत. थॉमसन जातीच्या द्राक्षाचा घड जसाच्या तसा हातावर उतरवायचा हट्ट करणारे कारागीर भेटतील, त्यांना थांबवा. पानाच्या मुख्य शिरा कोऱ्या ठेवल्या की पान लांबूनही पान वाटतं. डिझाइनचा कागद दहा फुटांवर धरून फोटो काढा. वेल ओळखू येत नसेल तर तपशील कमी करा. एकूण हाताचा निदान तिसरा हिस्सा मोकळा राहू द्या.

पट्टा झाकणं हे यातलं खरं अवघड काम. जुन्या शाईवर फिकं काही टिकत नाही. झाकणारं चित्र तिच्याहून गडद आणि आकाराने दुप्पट-तिप्पट लागतं. म्हणून सगळ्यात दाट पानं दंडावर घ्या. पट्ट्याच्या दोन सरळ कडा मात्र गडद पानाखालूनही दिसतात. पानांच्या कडा त्यांना समांतर ठेवू नका, तिरप्या जाऊ द्या, दातेरी कडा नेमकी पट्ट्याच्या काठावर आणा. पट्टा अजून बराच काळा असेल तर आधी लेझरने फिका करून घेता येतो. दोन-तीन बैठका, मधे ६ ते ८ आठवडे. सावळ्या कातडीला १०६४ नॅनोमीटरचा एनडी-यॅग लेझर तुलनेने सुरक्षित, तोही त्वचारोगतज्ज्ञाकडेच.

'आई'भोवती दीड-दोन सेंमी मोकळं सोडा. अक्षरं 'ताजी' करण्याच्या नादात रेघ जाड केली की 'ई'ची गाठ बुजते. त्रिशुळाला दोन पानांमधली जागा द्या.

स्टेन्सिल (कातडीवर उमटवायचा डिझाइनचा छाप) उभं राहून, हात सैल सोडूनच लावून घ्या. टेबलावर आडव्या ठेवलेल्या हातावर सरळ दिसणारं खोड उभं राहिल्यावर पिळलेलं दिसतं. मनासारखं होईपर्यंत तीनदा पुसायला लावा, चांगला कारागीर कुरकुर करत नाही. आधी पूर्ण हाताची रेघ, मग छाया. सगळं मिळून २० ते ३० तास धरा. एका बैठकीत चारेक तास, मधे तीन-चार आठवडे.

जखम_आणि_मलम
स्टुडिओत पाहायचं ते असं. सुईची कार्ट्रिज सीलबंद असावी, तुमच्यासमोर फोडावी, पाकिटावर लॉट क्रमांक आणि मुदत छापलेली असावी. स्टीलची ग्रिप (मशीन धरायची मूठ) वापरत असतील तर ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणारं यंत्र, आहे का विचारा (१२१ अंश, १५ पौंड दाब, निदान १५ मिनिटं). उकळत्या पाण्यात टाकणं म्हणजे निर्जंतुक करणं नव्हे. करडी छटा करायला काळ्या शाईत पाणी मिसळतात. ते नळाचं किंवा बिसलरीचं नको, निर्जंतुक पाणीच हवं. साध्या पाण्यातले मायकोबॅक्टेरिया थेट कातडीत जातात, मग आठवडे-महिने न जाणाऱ्या पुळ्या येतात आणि नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद देत नाहीत.

हिपॅटायटिस बीची लस झाली नसेल तर आधी घ्या (०, १ आणि ६ महिने). मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आल्यावरच बसा. कान टोचल्यावर किंवा लस घेतल्यावर कातडीवर जाड गाठ राहिली असेल तर इतका मोठा टॅटू नकोच. टॅटूनंतर १२ महिने रक्तदान करता येत नाही. मोठी स्लीव्ह तुकड्यातुकड्याने होते, त्यामुळे ते वर्ष शेवटच्या बैठकीपासून मोजायचं.

घरी: हात धुऊन, सौम्य साबणाने दिवसातून दोन-तीनदा टॅटू धुवा, टिश्यूने टिपा, मलमाचा अगदी पातळ थर द्या. जाड थराखाली खपली भिजते आणि निघताना शाई घेऊन जाते. हळद नको. खपली ओढायची नाही. महिनाभर विहीर, पोहण्याचा तलाव, रामकुंडात डुबकी बंद. २०२७च्या सिंहस्थात स्नान करायचं असेल तर बैठका त्या हिशेबाने लावा. सनस्क्रीन (एसपीएफ ५०) कातडी पूर्ण भरल्यावरच. ताप, पू, वर चढणाऱ्या लाल रेघा दिसल्या तर स्टुडिओला फोन करत बसू नका, डॉक्टरकडे जा.

ऑक्टोबर_छाटणी
महिन्यांचं सांगतो. ऑक्टोबर छाटणी अजिबात नको. वेलीच्या काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, फुटावेत म्हणून तिच्यावर हायड्रोजन सायनामाइड हे रसायन लावतात, ते चांगल्या कातडीलाही भाजतं. त्यानंतर काढणीपर्यंत फवारणी हटत नाही. एप्रिलच्या खरड छाटणीला ऊन कडक. त्यातल्या त्यात जुलै-ऑगस्ट बरे, ऊन ढगाआड असतं. फवारणी तेव्हाही असते, पण बैठकीनंतर तीन आठवडे पंप दुसऱ्याकडे द्या. सैल, लांब बाह्यांचा सुती शर्ट घाला, रोज धुतलेला. चिखल उडाला तर संध्याकाळची वाट न पाहता लगेच धुवा.

दिंडोरीकर_बागवान
सगळ्यांचे मनापासून आभार. अजून दोन गोष्टी. बधिर करायचं क्रीम पूर्ण हाताला लावून जावं का? आणि भाचा देवळालीला सैन्यभरतीची तयारी करतोय, त्यालाही माझ्यासारखाच दंडावर टॅटू हवाय. चालेल का?

जखम_आणि_मलम
पूर्ण हाताला नको. त्या क्रीममधलं बधिर करणारं औषध, लिडोकेन, मोठ्या भागावर लावून वर प्लास्टिक गुंडाळलं तर रक्तात जास्त उतरतं. झटके येऊ शकतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. दंडाची आतली बाजू आणि कोपराची लवण सगळ्यात जास्त दुखते. ती वेगळ्या छोट्या बैठकीत उरका. पोटभर जेवून जा, आदल्या रात्री दारू नको.

रेघ_आणि_छाया
भाच्याला थांबवा. सैन्यभरतीत कायमचा टॅटू चालतो तो कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या मागच्या बाजूला. दंडावरचा चालत नाही. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीनुसार सवलत आहे. त्याने आधी भरतीची जाहिरात नीट वाचावी, आणि निकाल लागेपर्यंत परवानगीच्या जागेवरही काही काढू नये. तुम्ही पट्ट्याचा फोटो उजेडात, स्केलपट्टी बाजूला ठेवून इथे टाका. लेझर लागेल की नुसत्या पानांनी भागेल, ते त्यावरून सांगता येईल.