अमेरिकेतल्या 'गव्हर्नर'ला 'राज्यपाल' म्हणावं का?

लेकीला शाळेसाठी कामगार दिनावर लिहायचं होतं, तिच्यासोबत बसले होते. १८८६ साली शिकागोत कामगारांच्या सभेत बॉम्ब फुटला, ते हेमार्केट प्रकरण; त्यावरच्या एका वाक्यावर अडलो: "१८९३ साली इलिनॉयचे राज्यपाल जॉन पीटर आल्टगेल्ड यांनी हेमार्केट खटल्यातल्या तिघा कैद्यांना माफी दिली." ती म्हणाली, "आई, राज्यपालांना राष्ट्रपती नेमतात ना? मग यांना कोणी नेमलं?" मला उत्तर देता येईना. शब्द चुकतोय का?

—

ताई, लेकीने नेमकं बोट ठेवलंय. आल्टगेल्डना कोणी नेमलं नव्हतं, १८९२ साली लोकांनी मतं देऊन निवडून आणलं होतं. आपले राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात; तिथे राज्याचा कारभार गव्हर्नरच हाकतो. 'मुख्यमंत्री'ही बसत नाही, कारण गव्हर्नर विधिमंडळाचा सदस्य नसतो आणि तिथलं बहुमत गेलं म्हणून त्याची खुर्ची जात नाही.

मी सरळ 'गव्हर्नर' लिहितो. शब्द आपल्याला परका नाही. एल्फिन्स्टन मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते, आणि चिंतामणराव देशमुखांना कोणी रिझर्व्ह बँकेचे राज्यपाल म्हणत नाही!

आल्टगेल्डांच्या बाबतीत तर हा फरक फार मोठा आहे. जन्म १८४७ चा, जर्मनीतला. तान्हे असताना आईबाप त्यांना ओहायोत घेऊन आले. सोळाव्या वर्षी यादवी युद्धात सैनिक, मग शाळामास्तर, वकील, शिकागोत न्यायाधीश. इलिनॉयचे ते परदेशात जन्मलेले पहिले गव्हर्नर. जन्म बाहेरचा, म्हणून राष्ट्राध्यक्षपदाची वाट राज्यघटनेनेच बंद केलेली. गव्हर्नरपद हेच त्यांच्यासाठी शिखर. ते त्यांनी या तिघांसाठी पणाला लावलं. वर्तमानपत्रं तुटून पडली, त्यांचं परकेपणही काढलं गेलं. १८९६ ची निवडणूक ते हरले. 'राज्यपाल' लिहिलं की ही किंमत दिसतच नाही, कारण राज्यपालाला मतं मागायला जायचं नसतं.

—

हे तिला वाचून दाखवते. पण आता 'माफी'ही खटकतेय. माफी म्हणजे गुन्हा होता, पण सोडून दिलं, असं वाटतं ना?

—

अगदी बरोबर, आणि माझ्या मते तोच शब्द जास्त घातक आहे. १८८६ च्या मे महिन्यात शिकागोत बॉम्ब फुटला. तो टाकणारा कधीच सापडला नाही. तरी कामगार चळवळीतल्या आठ जणांना दोषी ठरवलं, चौघांना फाशी दिलं, एकाने तुरुंगातच जीव दिला. उरलेले तीन: फील्डन, श्वाब आणि नीबी. आल्टगेल्डांनी दया म्हणून सही केली असती, तर एवढा गहजब झाला नसता. त्यांनी खटल्याचे कागद वाचून लेखी कारणं दिली: ज्युरी शिक्षा व्हावी अशाच बेताने निवडलेली, न्यायाधीश पूर्वग्रहदूषित, आणि गुन्हा शाबीत करणारा पुरावाच नाही. अधिकाराचं नाव माफीचं असलं तरी म्हणणं निर्दोषत्वाचं होतं. 'दया दाखवली' तर मुळीच लिहू नका. 'माफी' ठेवायची तर कारण त्याच वाक्यात यायला हवं.

—

तिने स्वतःच वाक्य केलं: "खटला अन्यायाने चालला असं लेखी सांगून गव्हर्नर आल्टगेल्ड यांनी तिघांची सुटका केली." 'माफी' तिने खोडून टाकली. मी तसंच राहू दिलं.