१६८९ लाच थांबला असता, तर औरंगजेब जिंकला असता का?

भीमाकाठ: परवा माचणूरचा किल्ला पाहून आलो. खाली भीमा, सिद्धेश्वराचं देऊळ. ब्रह्मपुरीच्या या छावणीत बादशहाने १६९५ पासून चार वर्षं काढली. 'इथेच गाडला' म्हणून आपण मोकळे होतो, पण १६८९ चं चित्र बघा. विजापूर, गोवळकोंडा आधीच खालसा. मार्चमध्ये संभाजीराजांची हत्या, नोव्हेंबरात रायगड गेला, येसूबाई आणि शाहू कैदेत. सात वर्षांच्या शाहूला त्याने राजा ही पदवी आणि सात हजारी मनसब दिली. त्यालाच मांडलिक म्हणून गादीवर बसवून परत फिरला असता, तर मोहीम फत्ते होती. हावेने घात केला.

गडवाट: बसवलं असतं हो, पण मुजरा करायला कोण येणार होतं? राजाराम महाराज जिंजीकडे, इकडे कारभार रामचंद्रपंतांकडे, संताजी-धनाजी घोड्यावर. सिकंदर आदिलशहा शरण आला आणि विजापूर संपलं. इथे शरण घ्यायची कुणाची? प्रत्येक किल्ल्याचा वेगळा हिशेब.

सनदशीर: हे जरा फार गोड होतंय. कित्येक देशमुख दोन्हीकडच्या सनदा घरात ठेवून होते. बादशहा वतनं वाटत होता म्हणून राजाराम महाराजांनाही वाटावी लागली. म्हसवडच्या नागोजी मान्यांनी किती वेळा बाजू बदलली? संताजींना १६९७ मध्ये मोगलांनी नाही, याच मान्यांनी मारलं. फोडाफोडी नेटाने केली असती तर जमलं असतं.

गडवाट: फोडाफोडीला पैसा लागतो, जहागिरी लागतात. विजापूर-गोवळकोंड्याचे सरदार पदरी घेतल्यावर जुन्या मनसबदारांनाच जहागिरी पुरेनात. आणि किल्ले? १७०० चा सातारा घ्या. चार महिन्यांचा वेढा, तटाखाली सुरुंग. पहिला उडाला तेव्हा किल्लेदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्याखाली गाडले गेले आणि जिवंत निघाले. दुसऱ्याने बुरूज बाहेरच्या बाजूला ढासळला, तो हल्ल्यासाठी खाली दबा धरलेल्या मोगलांच्याच अंगावर. जवळपास दोन हजार माणूस गेलं. एवढं करून गड मिळाला तो वाटाघाटीने! पुढेही तोरणा सोडला तर बहुतेक किल्ले थैल्या मोजूनच घेतले.

भीमाकाठ: मी विचारतोय १६८९ चं, तुम्ही दाखवताय १७००. आणि शाहूचा डाव त्यालाही शेवटी सुचलाच ना, १७०३ मध्ये मुलगा कामबक्षामार्फत सुटकेची बोलणी झाली. औरंगजेब मेल्यावर त्याचा दुसरा मुलगा आझमशहाने १७०७ मध्ये शाहूला सोडलं, आणि त्याच वर्षी खेडला ताराबाईंच्या फौजेशी लढाई जुंपली. मराठ्यांत दुही माजली की नाही? वीस वर्षं आधी केलं असतं तर?

सनदशीर: सहमत. एरवी गडवाट यांच्याशी पटतं, पण इथे नाही.

गडवाट: माजली ना! आणि त्याच शाहूच्या फौजा १७१९ मध्ये दिल्लीत जाऊन चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आल्या. असा मांडलिक हवा होता का बादशहाला?

भीमाकाठ: १७०७ चा शाहू पंचविशीचा होता, पाठीशी बाळाजी विश्वनाथ उभे राहिले. १६८९ चा शाहू सात वर्षांचा, आणि आई बादशहाच्या छावणीत. मी त्या पोराबद्दल बोलतोय.