साकाईचं लाकडी दीपगृह: समुद्र गेला, मग ते तिथेच ठेवायचं कशाला?

समुद्रकाठची: रविवारी पुण्याहून आलेल्या दोन मित्रांना घेऊन साकाईला गेले, जपानमध्ये ओसाकाच्या दक्षिणेला. नानकाई लाइनच्या साकाई स्टेशनवरून चालत पंधराएक मिनिटांत जुन्या बंदराच्या तोंडाशी ते दीपगृह लागतं. पांढरं, सहा बाजूंचं, खाली दगडी जोतं आणि वर सगळं लाकूड, उंची ११.३ मीटर, १८७७ सालचं. एक मित्र म्हणाला की पुढे सगळे कारखाने, समुद्र कुठाय, हे उचलून म्युझियममध्ये ठेवा, जागा तरी मोकळी होईल. त्यावरून स्टेशनपर्यंत वाद झाला.

मला ते अजिबात पटत नाही. हे दीपगृह उभारायला गावातल्या लोकांनी वर्गणी दिली होती आणि लाकूडकामही साकाईच्याच सुताराचं. पुढे कारखान्यांसाठी समुद्रात भराव घातला, पाणी लांब गेलं आणि १९६८ ला दिवा बंद झाला. दीपगृह जागचं हललं नाही, समुद्र हलला. गावाचा किनारा कुठे संपायचा हे आज डोळ्यांनी दाखवणारी तीच एक वस्तू उरलीय, ती उचलली तर ती खूणच पुसली जाणार.

वाशीकर: तुमची भावना कळते पण मला मित्राचं बरोबर वाटतं. २००१ ला दुरुस्ती सुरू झाली ती पाच-सहा वर्षं चालली ना? खाऱ्या वाऱ्यात लाकूड काय टिकतं ते आम्हाला विचारा, रत्नागिरीकडच्या आमच्या घराचे वासे बदलून बदलून आजोबांच्या वेळचं आता फक्त माजघराचं दार राहिलंय. दर पिढीला असं बदलत गेलं तर १८७७ चं म्हणायचं तरी काय? त्यापेक्षा जुनं लाकूड, दिवा, नकाशे आत नीट सांभाळा आणि बाहेरचा खर्च थांबवा.

रंधा_पटाशी: वाशीकर, मी सुताराच्या घरातला आहे म्हणून बोलतो. कुजलेला तुकडा कापून तिथे त्याच जातीचं लाकूड त्याच सांध्याने बसवणं म्हणजे जुनं घालवणं नाही, तो सांधा कसा करायचा हे कुणाच्या तरी हातात राहतं. कोकणात आज फणसाचा खांब घडवणारा माणूस शोधायला किती गावं फिरावी लागतात सांगा. जपानमध्ये इसेचं देऊळ दर २० वर्षांनी नवं बांधतात, शेवटचं २०१३ ला, तरी त्याला कुणी नवं देऊळ म्हणत नाही. आणि १९९४ ला नारामध्ये वारशाच्या अस्सलपणावर जगभरच्या तज्ज्ञांचं जे निवेदन निघालं त्यातही हेच आहे, फक्त जुना माल बघू नका, कारागिरी, वापर, जागा सगळं बघा.

वाशीकर: इसेचं उदाहरण इथे लागू नाही हो. तिथे देव आहे, पूजा चालू आहे. दीपगृह हे हत्यार आहे, काम संपलं की संपलं. न्यूझीलंडमध्ये अकारोआचं लाकडी दीपगृह बघा, १८८० पासून बंदराच्या तोंडाशी कड्यावर होतं, १९८० ला तुकडे करून गावात आणून उभं केलं. त्यामुळे त्याची किंमत कमी झाली का? उलट आता माणसं सहज जाऊन बघतात.

समुद्रकाठची: अकारोआत कड्यावर दुसरा ऑटोमॅटिक दिवा आला होता, तिथे ठेवलं असतं तर वाऱ्याने खाल्लं असतं, हलवलं ते बरंच केलं. साकाईला तसं काही नाही, गावात आहे, चालत जाता येतं, शिवाय १९७२ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. मग हलवायचं कारण काय, नुसती मोकळी जागा?

थळचा_पोर: मी कोळ्याचा मुलगा आहे, मधेच बोलतो. आमच्या समोर खांदेरीवर १८६७ चं दीपगृह आहे, ते दगडी. पण बाबा रात्रीच्या दिव्यापेक्षा दिवसाच त्याच्याकडे जास्त बघायचे, ते आणि मागचा डोंगर एका रेषेत आले की होडी कुठेय ते कळायचं. म्हणजे दिवा विझला तरी दीपगृहाचं अर्धं काम चालूच असतं पण ते त्याच जागी असलं तरच. दहा हात बाजूला घेतलं की सगळी खूण चुकली. साकाईत आता होड्या नसतील जात पण जुना किनारा ओळखायला तरी ते तिथेच पाहिजे.

वाशीकर: थळकर, हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता, जागेचं पटलं, नका हलवू. खर्चाबद्दल मात्र माझं मत तेच आहे, आणि दुरुस्ती करणारच असाल तर कुठला तुकडा जुना, कुठला नवा याची खूण प्रत्येक लाकडावर करून ठेवा. आमच्या घरात ते केलं नाही, आता काकांनाही सांगता येत नाही कुठली तुळई कधी बदलली.