'दहा वर्षं तिकीट घ्या, नशीब उघडतंच' म्हणे!

गुणाकार_भुसावळ:
काल पांझरेकाठी यांनी लिहिलं, "आठवड्याला शंभराचं एक तिकीट, खंड पाडायचा नाही. दहा वर्षांत नशीब उघडतंच." खाली बावीस जणांनी हात जोडले, म्हणून हा खटाटोप.

समजा सोडतीत एक लाख तिकिटं आणि पहिलं बक्षीस एकच. दहा वर्षांत तुमची तिकिटं ५२०. म्हणजे दोनशे जण असं वागले तर जेमतेम एकाला लागणार, बाकीच्यांचे प्रत्येकी ५२ हजार गेले. आरडीत ६ टक्क्यांनी त्यांचे सत्तर हजार झाले असते. सप्टेंबर २०२५ पासून लॉटरीवर जीएसटी ४० टक्के. शंभरातले साडेअठ्ठावीस रुपये सोडतीआधीच कापले गेले. मोठं बक्षीस लागलंच तर ३० टक्के आयकर, वर सेस. आणि "इतकी वर्षं लागलं नाही, आता लागेलच" हे तर बोलूच नका. तुम्ही मागच्या आठवड्यात हरलात हे सोडतीला कुठं माहीत असतं?

पांझरेकाठी:
गणित खरं शे भाऊ, पन मन ऐकस का? तिकीट खिशात असलं की मी रोज रात्री साक्रीकडे दहा एकर घेतो, विहीर खोदतो, पाणीही लागतं. तुमच्या आरडीत विहीर खोदता येते?

चाळीसगावची_सून:
माझे मामा बिस्किटाच्या डब्यात तिकिटं ठेवायचे. पेपरात निकाल आला की आगकाडीचं टोक एकेका आकड्याखालून फिरवायचे, शेवटचा आकडा चुकला की काडी मोडायचे. एकदा पाचशे लागले, तर साऱ्या गल्लीला पेढे! मामींच्या पाटल्या मोडल्या तेव्हा मात्र कुणाला पत्ताही लागला नाही. विहिरी खोदा खुशाल.

अमळनेरकर:
मग मटका बरा म्हणायचा. दहा आकडे, लागला तर नऊ पट. रुपयाला ९० पैसे परत! सरकारनं तोच बंद पडावा म्हणून १९६९ ला राज्य लॉटरी काढली, अन् तिची ही अशी परतफेड. गंमत बघा, मटका सुरू झाला न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर. कापूस पिकवायचा आपण, आकडे लावायचे मुंबईत.

गुणाकार_भुसावळ:
बेकायदा धंद्याची वकिली इथं नको. ९० पैसे परत आले की माणूस घरी जातो का? तेच पुन्हा लावतो. दहा वेळा फिरवले की सरासरी पस्तीस पैसे उरतात.

मृगबाग_रावेर:
मास्तर, आम्ही तर न घेता तिकीटधारक आहोत. जूनमध्ये केळीची चार हजार खोडं, घड भरलेले, आठवड्यात कापणी. संध्याकाळी वीस मिनिटं वारा आला. सकाळी बागेत पाय ठेवायला जागा नव्हती, घडांवर घड. विमा होता. वारा मोजायचं यंत्र दुसऱ्या गावाला, तिथं म्हणे तेवढा वेग नोंदलाच नाही. आता सांगा, हप्ता भरताना माझी सरासरी काय होती?

गुणाकार_भुसावळ:
विमा आणि लॉटरी एका तागडीत घालू नका. विमा बुडू नये म्हणून काढतात. शिवाय फळपीक विम्याच्या हप्त्यात सरकारही वाटा उचलतं.

मृगबाग_रावेर:
उचलू द्या की! यंत्र तिकडं अन् वारा इकडं. मग लॉटरीच झाली ना? तुम्हाला पेन्शन लागलेली, तुम्ही शिकवा.

गुणाकार_भुसावळ:
पेन्शन लागली नाही, तीस वर्षं खडू झिजवला! बरं, यंत्राचं तुमचं म्हणणं खरं असेल. त्यासाठी तिकीट घ्यायचं कारण मिळत नाही.

चाळीसगावची_सून:
मास्तर मान्य करतायत, तारीख लिहून ठेवा.

अमळनेरकर:
रावेरकर, रोपं टिशू कल्चरची होती की कंदाची? मी कांदेबाग, म्हणजे ऑक्टोबरची केळी, लावतोय.

मृगबाग_रावेर:
टिशूची. पश्चिमेकडून आडोसा करा, शेवरी चालते. अन् निसवण झाली, म्हणजे घड बाहेर पडला, की प्रत्येक झाडाला आधार द्या, मी दिला नव्हता.

गुणाकार_भुसावळ:
मी लॉटरीवर लिहिलं होतं.

पांझरेकाठी:
शेवरी किती अंतरावर लावायची? माझ्या दहा एकरांसाठी विचारतोय.