मेगाहर्बिव्होर म्हणायला 1000 किलोच का? गवा त्यात का बसत नाही?

विज्ञानवाली_ताई_चोपडा
राम राम मंडळी. मी नववीला विज्ञान शिकवते, शाळा सातपुड्याच्या पायथ्याशी असल्यामुळे पोरांना जंगलाचं वेड भारी. वर्गात सगळ्यात मोठे शाकाहारी प्राणी असा विषय निघाला तर एक पोरगा म्हणे मॅडम गवा पण टनभर भरतो मग तो हत्ती-गेंड्याच्या मेगाहर्बिव्होर (म्हणजे महाकाय शाकाहारी) यादीत का नाही. नेटवर बघितलं तर कुठे 44 किलो, कुठे 100 किलो आणि कुठे 1000 किलो लिहिलंय. कोणी ठरवलं हे आणि कशावरून? पोरांना नुसतं पाठ करा असं मला सांगायचं नाहीये, कारण समजलं पाहिजे.

सातपुडा_वाटसरू
ताई तिन्ही आकडे खरे आहेत, फक्त प्रत्येकाचं काम वेगळं. 44 किलो म्हणजे साधारण 100 पौंड, तो अमेरिकन संशोधक पॉल मार्टिन यांनी हिमयुगाच्या शेवटी कोणते मोठे प्राणी संपले हे मोजायला वापरला आणि त्यात वाघ-सिंहासारखे मांसाहारी पण येतात. 100 किलोवाला हिशोब विल्यम रिपल आणि सहकाऱ्यांच्या 2015 च्या पेपरमधला, त्या किंवा त्याहून जास्त वजनाच्या 74 शाकाहारी जाती त्यांनी धरल्या आणि त्यातल्या साधारण 60 टक्के धोक्यात असल्याचं दाखवलं. तुमच्या पोराचा प्रश्न मात्र तिसऱ्या आकड्याचा आहे. दक्षिण आफ्रिकेचे नॉर्मन ओवेन-स्मिथ पांढऱ्या गेंड्यावर वर्षानुवर्षं काम करत होते, त्यांनी 1988 च्या पुस्तकात मांडलं की मोठा झाल्यावर 1000 किलोच्या वर जाणारा शाकाहारी तो मेगाहर्बिव्होर.

आता 1000 च का. त्या वजनाच्या आसपास प्राण्याचं जगणंच बदलतं. पहिली गोष्ट पोटाची. 40 किलोची शेळी आणि 4000 किलोचा हत्ती घ्या, वजन शंभरपट पण शरीराला लागणारी ऊर्जा शंभरपट नाही लागत, साधारण तीसेकपटच लागते, कारण मोठ्या शरीराचा दर किलोमागे खर्च कमी असतो. पोटाची जागा मात्र वजनाच्या हिशोबात वाढते. म्हणून हत्तीला साली, फांद्या, जाडंभरडं गवत असला निकृष्ट चारा चालतो, अर्धंअधिक न पचता लिदीतून बाहेर पडलं तरी दिवसाला शे-दीडशे किलो खाऊन भागतं. शेळीला असं चालतच नाही, ती कोवळा पाला निवडून खाते. दुसरी गोष्ट शिकारीची, मोठा झालेला हत्ती किंवा गेंडा वाघ-सिंहाच्या आवाक्याबाहेर जातो, पिल्लांना धोका असतो (काझीरंगात वाघ गेंड्याची पिल्लं मारतात) पण मोठ्यांना क्वचितच. आणि तिसरी, ही पोरांना नक्की सांगा, हत्तिणीचं गाभणपण 22 महिन्यांपर्यंत चालतं आणि दोन पिल्लांत चार-पाच वर्षांचं अंतर. नैसर्गिक शत्रू नसेल तर इतकं सावकाश चालतं, पण माणूस बंदूक किंवा भाला घेऊन आला की वर्षाला थोडे जरी मारले तरी कळप भरून निघत नाही. मला तर हाच या व्याख्येचा सगळ्यात मोठा उपयोग वाटतो.

गव्याचं म्हणाल तर मोठा नर हजाराला टेकतो पण माद्या बऱ्याच हलक्या असतात, आणि कर्नाटकातल्या नागरहोळेत वाघ मोठे गवे मारतात हे व्याघ्रतज्ज्ञ उल्हास कारंत यांच्या अभ्यासात आलंय. म्हणजे वजनात काठावर आणि शिकारीच्या बाबतीत रेषेच्या अलीकडच्या बाजूलाच.

केळीवाला_रावेर
भो एकदम मस्त समजावलं. आमच्याकडे रोही (नीलगाय) हरभऱ्यात घुसतात रात्रभर जागावं लागतं. रोही अडीचशे किलोपर्यंत जातो म्हणतात, मग त्याला वाघ-बिबट्याची भीती कितपत?

सातपुडा_वाटसरू
दादा वाघ असेल तिथे रोही मारला जातोच, बिबट्याला पूर्ण वाढलेला नर जड जातो. आफ्रिकेतल्या सेरेंगेटीवरचा 2003 चा एक अभ्यास आहे, तिथे लहान हरणांचे जवळजवळ सगळे मृत्यू शिकाऱ्यांमुळे होतात आणि साधारण 150 किलोच्या पुढे हे प्रमाण भराभर कमी होत जातं, हत्ती-पाणघोड्यापर्यंत गेलं की उरतच नाही. म्हणजे हा उतार आहे, भिंत नाही. तुमच्या शिवारात तर वाघच नाही, चारा बारमाही आहे, रोही वाढणारच.

पाटणादेवी_परिसर
ताई पोरांना आपल्या भागातलंही सांगा ना. चाळीसगावजवळ पाटणे इथे एस. ए. साळी यांच्या उत्खननात नक्षी कोरलेलं शहामृगाच्या अंड्याचं कवच मिळालं, साधारण 25 हजार वर्षांपूर्वीचं. शंभर किलोचा पक्षी आपल्या खानदेशात चरत होता! आणि नंदुरबारच्या उत्तरेला जी नर्मदा आहे तिच्या गाळातून मिळालेल्या सरळ सुळ्यांच्या हत्तीचं शास्त्रीय नाव नर्मदेवरूनच आहे, पॅलिओलॉक्सोडॉन नमाडिकस, आजच्या हत्तीपेक्षा दांडगा. पाणघोडे पण होते भारतात तेव्हा. आणि फार मागे कशाला, आइन-ए-अकबरीत माळवा सुभ्यातल्या बिजागड, हंडिया भागात रानहत्ती असल्याचं लिहिलंय, बिजागड म्हणजे सातपुड्यात, आपल्या शेजारी निमाडात. आज महाराष्ट्रात रानहत्ती बघायचा तर सिंधुदुर्ग-कोल्हापूर नाहीतर गडचिरोली, तेही कर्नाटक आणि छत्तीसगडकडून आलेले. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

विज्ञानवाली_ताई_चोपडा
सगळ्यांचे खूप आभार, अंड्याचं तर मला ठाऊकच नव्हतं. एकच विचारते, जिराफ कुठे बसतो?

सातपुडा_वाटसरू
काठावर. नर सरासरी बाराशे किलोच्या आसपास, मादी आठशेच्या आसपास, आणि सिंह मोठा जिराफही मारतात. शिवाय तो रवंथ करणारा, हत्ती-गेंड्यासारखा मागच्या आतड्यात चारा आंबवणारा नाही. मी वर्गात असतो तर फळ्यावर प्राणी लिहून विचारलं असतं, मादीचं वजन किती, मोठ्याला कोण मारतं, दोन पिल्लांत अंतर किती, आणि गवा, जिराफ, रानम्हैस कुठे टाकायचे यावर पोरांना भांडू दिलं असतं.